घरचा हेल, गावचा कान

दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाची मराठी पुष्कळदा निर्दोष असते. क्रियापद चुकत नाही, लिंग चुकत नाही, शब्दांची वाण पडत नाही. तरीही चार वाक्ये झाली की समोरचा विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" भाषा त्याला पूर्ण येते. आईच्या किंवा वडिलांच्या बोलण्यातला परमुलखाचा सूर त्याच्या जिभेवर राहिलेला असतो, त्यातून हा प्रश्न निघतो. हा सूर ओळखू येण्याइतका ठळक नसतो आणि दुर्लक्ष व्हावे इतका पुसटही नसतो. त्यामुळे ऐकणारा अंदाज बांधतो आणि बहुतेक वेळा तो चुकतो. कोणी कर्नाटकातले म्हणतो, कोणी हैदराबादकडचे, कोणी नुसतेच 'बाहेरचे'. असा संदिग्ध हेल घेऊन जगणारी माणसे महाराष्ट्रात सर्वत्र आहेत, पण सोलापूरइतकी दाटीने फार थोड्या ठिकाणी असतील. या विषयाचा अभ्यास करायला याहून योग्य शहर शोधून सापडणार नाही.

सोलापुरात परकेपणाची रेघ एकेकाळी खरोखरच राज्याची रेघ होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत शहराच्या पूर्वेला निजामाचे राज्य होते. इकडची माणसे त्याला मोगलाई म्हणत. तिथे हाली सिक्का हे वेगळे चलन चाले आणि हद्दीवर करोडगिरीची जकात पडे. शेजारचे अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून विणकर कुटुंबे सोलापुरात आली, ती अशी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली. गावाकडच्या हातमागाला गिरणीच्या कापडाने मारले होते, आणि सोलापुरात १८७७ ची जुनी गिरणी, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्या हातांना काम देत होत्या. या विणकरांचा पद्मशाली समाज शहराच्या पूर्व भागात वसला. गिरणीबरोबर हातमाग, मग यंत्रमाग, चादर आणि टॉवेल, आणि घरोघरच्या बायकांच्या मांडीवर विडीचे सूप, असा संसार उभा राहिला. सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्या चादरीमागचे हात बऱ्याच अंशी तेलुगू बोलणारे होते.

महत्त्वाचे हे की या घरांची सोयरीक तेलंगणातल्या गावांशी सुटली नाही. मुलगा सोलापुरात जन्मलेला, मराठी शाळेत शिकलेला, आणि सून तिकडून आलेली, असे पिढ्यान्‌पिढ्या घडत राहिले. म्हणजे आजोबांचा हेल वडिलांच्या पिढीत पुसट झाला, तरी नातवाच्या पिढीत आईबरोबर तो पुन्हा घरात आला. शंभर वर्षांनंतरही पूर्व भागातल्या मराठीत तेलुगूचा सूर ऐकू येतो, याचे कारण लोकांचा हट्ट नव्हे. प्रत्येक पिढीला घरात ऐकायला मिळालेला तो ताजा आवाज आहे.

कानडीचे नाते याहून जुने आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचने कानडीत आहेत, आणि त्यांच्या नावाची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला आजही शहर भरवते. लिंगायत घरांत कानडी आणि बाजारात मराठी, ही घडी इतकी सवयीची आहे की तिचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. दख्खनी उर्दू शहराच्या पेठांतून आहेच, मारवाडी आणि गुजराती व्यापारी घरे आहेत. शहरात १९३० मध्ये लागलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावे पाहावीत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. एका शहराच्या चार नावांत किती निरनिराळी घरे एकत्र आली, ते वेगळे सांगावे लागत नाही. ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती आणि १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. उलट दिशेने, तेलुगू घरातले लक्ष्मीनारायण बोल्ली याच शहरात मराठीचे लेखक आणि तेलुगूचे अनुवादक झाले. घरची भाषा माणसाच्या लेखणीला बांधून ठेवत नाही. जिभेला मात्र ती आपले काहीतरी देऊन जाते, आणि ते नेमके काय, हे तपशिलातच पाहावे लागते.

मराठीत 'च' आणि 'ज' यांचे दोन दोन उच्चार आहेत. चहा आणि चार यांतला तालव्य, चूल आणि चोर यांतला दंततालव्य. 'जग' हा एकच लिहिलेला शब्द दुनिया या अर्थी एका तऱ्हेने आणि 'जगणे' या क्रियापदाची आज्ञा म्हणून दुसऱ्या तऱ्हेने उच्चारला जातो. लिपी हा भेद दाखवत नाही, मूल तो केवळ कानाने शिकते. तेलुगूत हे दोन्ही ध्वनी आहेत, पण त्यांची वाटणी पुढच्या स्वरावर होते: इ आणि ए यांच्यापूर्वी तालव्य, अ, आ, उ, ओ यांच्यापूर्वी बहुधा दंततालव्य. म्हणून तेलुगू आईच्या मुलाला चूल म्हणताना काहीच अडचण येत नाही, घसरायचेच तर तो 'चहा' आणि 'चार' यांवर घसरतो. कानडीत सर्वसाधारणपणे दंततालव्य ध्वनी नाही. म्हणून कानडी घरातल्या मुलाचा 'चहा' अचूक येतो आणि 'चूल' तालव्याकडे झुकते. दोन मुले एकाच बाकावर बसतात आणि दोघांचे उच्चार एकमेकांच्या उलट दिशेने सरकतात. ऐकणारा मात्र दोघांनाही एकाच शब्दात 'साउथचे' म्हणून मोकळा होतो.

दुसरी खूण महाप्राणांची. ख, घ, थ, ध, भ ही अक्षरे कानडी आणि तेलुगू या दोन्ही लिपींत आहेत, पण रोजच्या बोलण्यात त्यांचा श्वास पुष्कळदा गळतो. 'भात' ऐकताना 'बात' वाटतो, 'घर' थोडे 'गर' होते. तिसरी खूण शब्दाच्या शेवटाची. दोन्ही भाषांत शब्द स्वरावर संपण्याची ओढ आहे, म्हणून 'बस'चे 'बस्सु' आणि 'कार'चे 'कारु' होते. मराठी बोलताना हा उकार कोणी उघड लावत नाही, पण शेवटच्या व्यंजनावर जीभ किंचित रेंगाळते. चौथी खूण स्वरांच्या लांबीची. तेलुगू आणि कानडी यांत ए आणि ओ यांच्याही ह्रस्व-दीर्घ जोड्या आहेत. त्या घरातून आलेल्या मराठीत काही ठिकाणी हे स्वर आखडतात, काही ठिकाणी लांबतात, आणि वाक्याची सगळी लय बदलते. 'ळ' मात्र या तीनही भाषांत आहे, म्हणून 'शाळा' आणि 'डोळा' म्हणताना सोलापूरच्या कानडी-तेलुगू घरातला मुलगा हिंदी घरातून आलेल्या मुलापेक्षा मराठीच्या जवळ असतो.

आता संदिग्धतेचा गाभा. यांतल्या बऱ्याच खुणा परभाषेच्या एकटीच्या नाहीत. कानडीत शब्दारंभीच्या ए आणि ओ यांच्याआधी य आणि व येतात. कानडी घरातला माणूस 'येक' आणि 'वळख' म्हणाला, तर ते कानडीमुळे असे वाटते. पण मंगळवेढा, माढा, करमाळा या तालुक्यांतला पिढीजात मराठी शेतकरीही 'येक' आणि 'वळख'च म्हणतो. 'दूध'चा 'दूद' तर पुण्यामुंबईतही सर्रास ऐकू येतो. मग एखाद्याने 'येक दूद' मागितले तर तो सोलापूरच्या कोणत्या घरातून आला, हे कानाला ठरवता येणार नाही. उलट 'पाणी'चे 'पानी' झाले, तर बोट कानडीकडे दाखवता येत नाही, कारण 'ण' कानडीत ठणठणीत शाबूत आहे. तिथे मूळ ग्रामीण मराठीत किंवा उर्दूत शोधावे लागते. खूण एक आणि तिची उगमस्थाने तीन, असा हा प्रकार आहे. त्यातच सोलापूरच्या मराठीची स्वतःची ढब मिसळते: 'काय करायलाव बे', 'ये की', 'बस की'. ही ढब तेलुगू घरातला मुलगाही बोलतो, जोशी-कुलकर्ण्यांचाही बोलतो. पुण्याला शिकायला गेलेल्या सोलापूरच्या मुलाला तिथले लोक विचारतात की घरी कानडी बोलता का, आणि त्याच्या सात पिढ्यांत कोणी कानडी बोललेले नसते.

भाषांची ही देवघेव किती खोल जाते, याचा गाजलेला अभ्यास शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये तो प्रसिद्ध केला. गावात कानडी, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू शतकानुशतके शेजारी नांदत होत्या. अभ्यासकांना आढळले की या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाला शब्द बसवत दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार होते. शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपापले राखले होते, कारण घरची ओळख शब्दांत होती. दख्खनी उर्दूतला 'नक्को' हा मराठीच्या 'नको'चाच भाऊ आहे. सोलापूरची अशी पाहणी जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हेल 'रक्तात' असतो असे लोक सहज म्हणतात. ते खरे नाही, आणि याचा सर्वांत हृद्य पुरावा सोलापूरच्याच एका घराने दिला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, चिनी शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले. त्या वेळी मूल चार महिन्यांचेही नव्हते. यिनहुआ चीनमध्येच वाढला, वैद्यकाचा विद्यार्थी झाला आणि १९६७ मध्ये ऐन तरुणपणी वारला. त्याच्या नावात हिंदुस्थान होता, वडील सोलापूरचे होते, पण ज्या वयात कान भाषेचे ध्वनी पक्के करतो त्या वयात सोलापूरचा आवाज त्याच्या घरात उरलाच नव्हता. वारसा रक्ताने येत असता तर त्याच्या चिनीत सोलापूर उतरायला हवे होते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. सई परांजपे यांचे वडील रशियन चित्रकार होते. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि सई आई शकुंतला परांजपे आणि आजोबा रँग्लर परांजपे यांच्या घरात वाढल्या. मधली काही वर्षे आजोबांबरोबर ऑस्ट्रेलियातही गेली. पुढे त्यांनी कामाला सुरुवात केली ती आकाशवाणी पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून. निवेदिकेचा उच्चार हजारो घरांत नमुना म्हणून ऐकला जातो. परदेशी वडिलांच्या मुलीकडे तो मान आला, कारण घरातला आवाज परांजप्यांचा होता.

मग जिथे परमुलखातले पालक घरातच असतात, तिथे काय होते? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले की सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकू येतो. वर्षाच्या आसपास पोचेपर्यंत तो त्यांना ऐकू येईनासा होतो, कारण भोवतालच्या भाषेला त्याची गरज नसते. म्हणजे बोबडे बोल फुटण्यापूर्वीच कानाची निवड झालेली असते, आणि ती निवड घरातच होते. पण मूल गल्लीत खेळायला लागले की पारडे फिरते. कॅनडाचे जॅक चेंबर्स यांनी टोरांटोतल्या स्थलांतरितांच्या मुलांविषयी नोंदवले आहे की ती आईवडिलांचा हेल नुसता टाळत नाहीत, त्यांना तो जाणवतच नाही. शाळेत गेल्यावर दुसऱ्याने दाखवून दिले तरच कळतो.

तरीही सगळे गल्लीतून मिळत नाही. अर्विला पेन यांनी फिलाडेल्फियाजवळच्या किंग ऑफ प्रशिया या उपनगरात पाहिले की बाहेरून आलेल्या घरांतली मुले स्थानिक बोलीतले सोपे स्वर लवकर उचलतात. पण ज्या स्वराचा नियम शब्दागणिक बदलतो, तो स्वर आईवडीलही तिथलेच असतील तरच अचूक येतो. सोलापूरला हे लावून पाहिले तर चित्र स्पष्ट होते. वाक्याची चाल, 'बे' आणि 'की', हे मूल बोळातच शिकते. चहा आणि चूल यांच्यातला भेद कोणत्या शब्दाला कोणता, हे शब्दाशब्दाने ऐकूनच बसते, आणि ते ऐकवणारे घर तेलुगू किंवा कानडी असेल तर काही शब्द निसटतात. संदिग्ध हेल तयार होतो तो असा: चाल गावची, बारकावे घरचे.

ऐकणाऱ्याचा भाग इथेच संपत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. एका गटासमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते, दुसऱ्यासमोर आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही दुसऱ्या गटाला तो परका वाटला आणि व्याख्यानही कमी समजले. सोलापुरात छायाचित्राची जागा आडनाव घेते. पटावर आडनाव तेलुगू दिसले की शिक्षकाच्या कानाला हेल आधीच ऐकू येऊ लागतो. हा अन्याय जाणूनबुजून केलेला नसतो, म्हणूनच तो अधिक काळ टिकतो.

या हेलाबरोबर जगण्याच्या रीती माणसे स्वतःच शोधतात. घरी एक, मागावर दुसरा, मुलाखतीच्या खोलीत तिसरा असा सूर बदलणे हे सोलापूरकराला नवे नाही. कित्येकांना त्यात कष्टही वाटत नाहीत. कष्ट होतात ते वर्गात मोठ्याने वाचताना हसू उडाल्यावर. मग मूल हात वर करणे सोडते, आणि त्याचे खरे नुकसान उच्चाराने नव्हे, या गप्प बसण्याने होते. काही जण आईला शाळेत येऊ नको म्हणतात. तिच्या बोलण्यावरून आपली ओळख लागेल, ही भीती लहान वयात फार मोठी असते आणि तिची बोच पुढे आयुष्यभर राहते.

याच्या उलट अनुभव परदेशस्थ मराठी घरांचा. न्यू जर्सीतल्या मराठी आईवडिलांच्या मुलाची इंग्रजी तिथल्या शाळेसारखीच होते, त्याची मराठी मात्र 'त' आणि 'ट' यांच्या मध्ये अडखळते. सुट्टीत आल्यावर आजीला तो गोड वाटतो, त्याला कोणी हसत नाही. तसाच अडखळलेला 'च' विडी वळणाऱ्या बाईच्या मुलाच्या तोंडून आला तर त्याला अशुद्ध म्हणतात. अडखळणे सारखेच असून निकाल दोन लागतात, आणि तो निकाल ध्वनीवर नव्हे, ऐपतीवर लागतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बोलीच्या प्रतिष्ठेचे वारे अलीकडे थोडे बदलले. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या 'सैराट'ने सोलापूर जिल्ह्याची मराठी साऱ्या महाराष्ट्राच्या कानावर घातली. त्याच चित्रपटातली दोन मुले पळून जातात ती हैदराबादला, तेलुगू ऐकू येणाऱ्या वस्तीत. फलटणच्या बोलीत जात आणि शिक्षण यांप्रमाणे कसा फरक पडतो, याचा अभ्यास मॅक्सीन बर्नसन यांनी त्याआधी चार दशके केला होता. त्या जन्माने अमेरिकन, पुढे भारतीय नागरिक झाल्या आणि फलटणला मुलांना वाचायला शिकवत राहिल्या. बोलीतल्या फरकाला दोष न मानता वस्तुस्थिती मानण्याची दृष्टी अशा कामातून येते.

शाळेला यातून एक साधा विवेक घेता येईल. जिथे उच्चाराने अर्थ बदलतो, तिथे शिकवावे: 'जग' आणि 'जग', 'भात' आणि 'बात', 'खाली' आणि 'काली'. तेही चुकीची खूण करून नव्हे, पुन्हा पुन्हा ऐकवून, कारण हा धडा कानाचा आहे. जिथे अर्थ बदलत नाही, तिथे वाक्याची चाल, शेवटची रेंगाळ, स्वराची लांबी यांना हात लावू नये आणि प्रकट वाचनाचे गुण त्यासाठी कापू नयेत. महापालिकेच्या शाळांत मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू या माध्यमांची परंपरा आहे. भाषांमधून ये-जा करणारे शिक्षक या शहरात आहेत, त्यांच्याकडून इतर शिक्षकांना हे ध्वनिभेद शिकता येतील.

आणि एक काम तातडीचे आहे. हातमागाची पिढी संपत आली, यंत्रमाग बंद पडताहेत, विडीचे काम आटते आहे. ज्या आज्या तेलंगणातून लग्न होऊन आल्या आणि मागाच्या आवाजात मराठी शिकल्या, त्यांचे बोलणे फारसे कुठे जपून ठेवलेले दिसत नाही. सोलापूर विद्यापीठाच्या भाषेच्या विद्यार्थ्यांनी, महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन पूर्व भागात, लिंगायत पेठांत आणि दख्खनी बोलणाऱ्या मोहल्ल्यांत जावे, त्या माणसांच्या परवानगीने तासन्‌तास ध्वनिमुद्रण करावे आणि ते सर्वांना ऐकता येईल असे ठेवावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. आजच्या मोबाइलवरही हे होते, आणि ते या वर्षीच सुरू व्हावे.